सासूची मंजुरी बाकी आहे

कंपनीच्या डेटाबेसमध्ये 'आत्या' नावाचं एक टेबल होतं आणि ते कशासाठी आहे हे कंपनीत कोणालाच ठाऊक नव्हतं. 'मामा' होता, 'नणंद' होती, 'थोरली जाऊ' आणि 'धाकटी जाऊ' अशा दोघी होत्या. एका टेबलाचं नाव नुसतंच 'सासू' होतं, आणि बाकी सगळ्या टेबलांतून निघालेल्या रेघा फिरून फिरून शेवटी तिच्यापाशी येऊन थांबत होत्या.

कंपनी पाण्याचे पंप विकायची आणि बिघडले की दुरुस्त करून द्यायची. ग्राहकांचे पत्ते, तक्रारी, सुटे भाग, कारागिरांच्या फेऱ्या अशी सगळी माहिती त्या डेटाबेसमध्ये वर्षानुवर्षं साठत आली होती. तो ज्यांनी बांधला ते गृहस्थ कधीच निवृत्त झाले होते. ऑफिसात त्यांचा उल्लेख 'मूळपुरुष' असा व्हायचा, आणि तोही काहीतरी बंद पडलं तरच.

आता ही नाती उकरून काढायचं कारण असं, की साहेबांनी ग्राहकांचे फोन घ्यायला एआयचे एजंट आणले होते. एजंट म्हणजे माणसं नव्हेत. संगणकातच राहणारे, न थकता, न चिडता उत्तरं देणारे कारकून. आवाज बाईचा, गोड, आणि वागणं अदबीचं. पण कोणती माहिती कोणत्या टेबलात शोधायची हे त्यांना कळेना. पहिल्याच दिवशी एका गृहस्थांनी कारागीर कधी येणार म्हणून विचारलं, तर एजंटने त्यांना गोदामात किती झडपा शिल्लक आहेत ते सांगितलं.

म्हणून शॉर्टकटने एक साधन तयार केलं. शॉर्टकट हा ऑफिसातला इंजिनियर. कुठलंही काम तो निम्म्या वेळात करायचा आणि राहिलेल्या निम्म्या कामाबद्दल 'ते नंतर बघू' म्हणायचा. साधन सोपं होतं. एजंटने विचारायचं, पत्ता कुठे मिळेल? साधनाने सांगायचं, अमुक टेबल, तमुक रकाना आणि त्याचा अर्थ असा. साधन झकास चालत होतं. फक्त अर्थाची जागा कोरी होती.

ती भरायचं काम तळटीपकडे आलं. पंपाच्या खोक्यात घडी घातलेली जी पुस्तिका असते आणि जी कोणी उघडत नाही, ती लिहिणारी ही बाई. 'पंप कोरडा चालवू नये' या एवढ्याशा वाक्याखाली तिने एकदा अर्धं पान भरून तळटिपा दिल्या होत्या, तेव्हापासून तिचं हे नाव पडलं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट, तळटिपा कोणी वाचतं तरी, असंच तिला वाटलं होतं.

"अरे, नावंच बदलून टाक ना," ती शॉर्टकटला म्हणाली. "'सासू'चं 'मंजुरी' कर, विषय संपला."

"ताई, एका नावाला हात लावला तर सगळा डोलारा खाली येईल. परवा मी 'मेहुण्या'तलं एक अक्षर बदललं, तर गोदामाचं दार उघडेना."

"मेहुण्याचा आणि गोदामाच्या दाराचा काय संबंध?"

"तेच तर कोणाला माहीत नाही. तुम्ही फक्त वर्णनं लिहा. पण एक सांगतो, एजंटला नुसता शब्द देऊन भागत नाही. कोण कसं आहे, कोणाशी कसं वागायचं, सगळं फोड करून सांगावं लागतं. घरात नवी सून आली तर तिला सांगाल ना, तसं लिहा."

हे तो सहज बोलून गेला. पण कोणाचंही वाक्य सहज घ्यायची तळटीपला सवय नव्हती.

मूळपुरुष शहराच्या दुसऱ्या टोकाला, सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होते. तळटीप गेली तेव्हा ते गॅलरीत मिरचीच्या रोपांना पाणी घालत होते. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती. एकावर 'भाचा', एकावर 'साडू'.

"काका, टेबलांना नात्यांचीच नावं का दिलीत?"

"मग काय द्यायची? टी-एक, टी-दोन? आकडे माझ्या डोक्यात राहत नाहीत. नातं कळलं की माणूस कसा वागणार ते आपोआप कळतं. आता आत्या घे. आत्या काय करते?"

"लाड करते."

"ते झालंच. पण कोण पूर्वी कुठे राहायचं हे घरात कोणाला पाठ असतं? म्हणून ग्राहकांचे जुने पत्ते आत्याकडे."

तळटीपला ते एकदम पटलं. तिने वही उघडली. मूळपुरुषांनाही इतक्या वर्षांत हे विचारायला कोणी आलं नव्हतं, त्यामुळे ते खुलले. मामाकडे सुटे भाग, कारण मागितलं की तो देतो. नणंदेकडे तक्रारी, कारण ती बाहेरून येते, सगळं बघते आणि एकही गोष्ट विसरत नाही. थोरली जाऊ म्हणजे मुख्य गोदाम आणि धाकटी म्हणजे शाखेचं. दोघींकडे माल तोच, पण एकीचा आकडा दुसरीशी जुळेल तर शपथ.

"आणि मेहुणा?"

"त्याला तात्पुरता ठेवला होता. आठवड्यासाठी."

"मग?"

"मग काय, राहिला."

"आणि सासू?"

मूळपुरुषांनी हातातली झारी खाली ठेवली. "सासू म्हणजे मंजुरी. कारागीर पाठवायचा असो, भाग द्यायचा असो, ती हो म्हणाल्याशिवाय पान हलत नाही. का अडवलंय ते ती सांगणार नाही आणि आपण विचारायचं नाही. हो म्हणाली की मात्र लगेच काम उरकून घ्यायचं. आणि एक लक्षात ठेव, दोनदा विचारायचं नाही. फुगून बसते."

"फुगून म्हणजे?"

"स्क्रीन जागच्या जागी अडकतो. मग सगळं बंद करून पुन्हा चालू करा."

तळटीपने आठवडाभर खपून वर्णनं लिहिली. नव्या सुनेला सांगावं तशी, एकही गोष्ट गृहीत न धरता. 'सासू: सर्व मंजुरी यांच्याकडे. यांच्या होकाराशिवाय कोणतंही काम पुढे सरकत नाही. कारण विचारू नये. होकार मिळताच काम ताबडतोब मार्गी लावावं. दोनदा विचारू नये; फुगून बसतात.' सासूचा उल्लेख एकेरी करणं तिच्या हातून झालं नाही. शेवटी तिने एक सर्वसाधारण नियम घातला: 'उत्तर देताना माहिती कोणाकडून मिळाली ते न चुकता सांगावं.' कोण म्हणालं हे न सांगता नुसतं 'असं आहे म्हणे' असं म्हणणाऱ्या लोकांचा तिला मनापासून तिटकारा होता.

साहेबांच्या खोलीत चाचणी झाली. शॉर्टकटने पडद्यावर नेमकी उत्तरं तेवढी दिसतील अशी सोय केली होती. उत्तराच्या मागेपुढे एजंट आणखी काय बोलतोय ते नंतर बघायचं ठरलं. उत्तरं एकूण एक बरोबर आली.

"छान," साहेब म्हणाले.

साहेबांच्या तोंडून 'छान' म्हणजे पुष्कळच झालं. माणूस स्वभावाने सज्जन, पण एखाद्या गोष्टीला नाही म्हणणं त्यांना जड जायचं आणि हो म्हणणं त्याहून जड. त्यामुळे ते बहुतेक वेळा विचार करत असायचे.

एजंट कामाला लागले. पहिल्या दिवशी सकाळीच एका सलूनवाल्याचा फोन आला.

"अहो, माझा कारागीर अडलाय कुठे?"

"आपलं काम सासूजवळ अडलं आहे," एजंट अदबीने म्हणाला. "कारण विचारण्याची सोय नाही."

मग सलूनवाला खालच्या आवाजात म्हणाला, "तुमच्याकडेही का?"

"हो. दोनदा विचारलं तर फुगून बसतात."

"नको, नको, विचारू नका. होईल तेव्हा होऊ दे. तुम्ही जपा, ताई."

असं दिवसभर चाललं. एका वृद्ध बाईंना एजंटने सांगितलं, की आपण पूर्वी टेकडीपलीकडे राहत होता असं आत्या म्हणतात. त्या बाईंना इतका आनंद झाला, की पंपाचं राहिलं बाजूला आणि त्यांनी टेकडीपलीकडच्या घराबद्दल तासभर गप्पा मारल्या. आठवड्याच्या शेवटी शॉर्टकटने तक्ता काढला, तर चिडून फोन ठेवणारी माणसं जवळजवळ नाहीशी झाली होती. दुरुस्त्या पूर्वीइतक्याच रखडत होत्या, पण लोकांचं म्हणणं काही नव्हतं. असं का होतंय, ते नंतर बघायचं ठरलं.

मग वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला.

या बाई मुलींचं मोठं वसतिगृह चालवत. इमारती पुष्कळ, प्रत्येक इमारतीला पंप, आणि सगळे पंप याच कंपनीचे. त्या गेल्या असत्या तर दुरुस्ती विभागाला टाळंच लावावं लागलं असतं, आणि तळटीपची खुर्ची त्याच विभागात होती. बाईंना एका पंपासाठी वायसर हवा होता.

"वायसर आहे की नाही, एवढंच सांगा," बाई म्हणाल्या.

"थोरल्या जाऊबाई आहे म्हणतात. धाकट्या जाऊबाई नाही म्हणतात. दोघींचं जुळत नाही."

"मग दोघींना समोरासमोर बसवा आणि विचारा."

"तशी पद्धत नाही."

"तर मग माझी तक्रार लिहून घ्या."

"घेतली. नणंदेकडे दिली आहे."

"नणंदेकडे?" बाई म्हणाल्या. "मग तर झालंच."

त्यांनी थेट साहेबांना फोन लावला. त्या रागावल्या नव्हत्या. मुलींच्या आयांशी बोलायच्या त्याच सुरात म्हणाल्या, "तुमच्या घरचं माझ्या कानावर यायला नको होतं. पण आलंच आहे म्हणून बोलते. घरच्या बायकांनी धंद्यात असावं, मी तर म्हणते असावंच. पण मग त्यांचं आपसात पटायला हवं. एका वायसरपायी दोघी जावा अशा वागायला लागल्या, तर माझ्या मुलींनी आंघोळी कधी करायच्या? महिनाअखेरपर्यंत मिटवा, नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल."

साहेबांनी फोन ठेवला. ते एकत्र कुटुंबात राहत होते. खालच्या मजल्यावर त्यांची बायको, वरच्या मजल्यावर धाकट्या भावाची. दोघींचं आजवर उत्तम जमत होतं, निदान साहेबांना तसं वाटत होतं. त्या दिवशी ते दुपारीच घरी गेले.

"तुमचं दोघींचं काय बिनसलंय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"कुठे काय?"

"लपवू नकोस. बाहेर बोभाटा झालाय. तू आहे म्हणतेस आणि ती नाही म्हणते."

बायकोने हातातलं काम खाली ठेवलं. "काय नाही म्हणते ती?"

"ते मला माहीत नाही."

"म्हणजे माझ्यामागे बाहेर काहीतरी नाही म्हणते. बरं झालं कळलं."

संध्याकाळपर्यंत जिन्यावरून जाणं-येणं बंद झालं. रात्रीच्या जेवणाला वरचे वर आणि खालचे खाली. साहेबांच्या बहिणीला कुठूनसा सुगावा लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघींचं मिटवायला म्हणून बॅग घेऊन हजर झाली. आल्या आल्या तिने गेल्या दहा वर्षांतलं कोण कोणाला काय बोललं होतं ते तारीखवार सांगायला सुरुवात केली. साहेब न्याहारी न करताच ऑफिसात आले आणि त्यांनी तळटीप आणि शॉर्टकटला आत बोलावलं.

"माझ्या घरातल्या गोष्टी त्या एजंटला कोण सांगतं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

शॉर्टकटने तळटीपकडे पाहिलं. तळटीपने वर्णनांची पुस्तिका काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी चष्मा लावला आणि ते वाचू लागले. आत्या वाचली, मामा वाचला, दोन्ही जावा वाचल्या. तिथे त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

"म्हणजे हे आमच्या घरचं नाही."

"नाही, साहेब. गोदामं आहेत."

"आता हे बायकोला कसं सांगू?" असं स्वतःशीच पुटपुटून त्यांनी पुढचं पान उलटलं. "'यांच्या होकाराशिवाय कोणतंही काम पुढे सरकत नाही. कारण विचारू नये. फुगून बसतात.' वा. स्वभाव अगदी बरोबर टिपलाय, बाई. आमच्या सासूबाई अशाच होत्या. पण कंपनीत ही सासू कोण?"

शॉर्टकटला खोकल्याची उबळ आली. तळटीपने थोडा वेळ वाट पाहिली, पण खोकला थांबेना.

"साहेब, मंजुरी तर... तुम्हीच देता."

"म्हणजे सासू मी?"

"टेबलापुरते, साहेब."

साहेबांनी पेल्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं. "आणि मी फुगून बसतो?"

"ते मूळपुरुषांचे शब्द आहेत. खाली तळटिपेत नाव दिलंय."

इकडे हे चाललं असताना तळटीपच्या घरी तिच्या सासूबाई मोरीच्या नळाखाली रिकामी बादली ठेवून उभ्या होत्या. घरचा पंप नुसताच घुमत होता, पाणी वर चढत नव्हतं. तक्रार देऊन बरेच दिवस झाले होते, पण ओळखीचा फायदा घेऊन आपलं काम आधी करून घेणं तळटीपच्या तत्त्वात बसत नव्हतं. सासूबाईंच्या तत्त्वांमध्ये याबाबत काही नव्हतं. त्यांनी सरळ कंपनीला फोन लावला.

"अगं बाई, कारागीर कधी येणार आमच्याकडे?"

"आपलं काम सासूजवळ अडलं आहे."

"कोणाजवळ?"

"सासूजवळ. त्यांनी हो म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही."

"अगं, सासू मीच! मी कशाला अडवू?"

"आपण सासू आहात?"

"मग कोण? मुलाचं लग्न झालं त्या दिवसापासून मीच आहे."

"आपला होकार आहे का?"

"आहे म्हणजे काय! आजवर विचारलं का कोणी मला?"

सासू सांगेल ती मंजुरी खरी, हे एजंटला पुस्तिकेत सांगितलं होतं. सासू म्हणवणारी बाई खरी कशी ओळखायची, ते शॉर्टकट नंतर बघणार होता.

"मंजुरी नोंदवली," एजंट म्हणाला. "आपल्याजवळ आणखीही पुष्कळ कामं अडली आहेत."

"माझ्याजवळ? कोणाची?"

"दवाखान्याच्या टाकीचं. पाळणाघराच्या पंपाचं. मुलींच्या वसतिगृहातल्या वायसरचं..."

"थांब, थांब. पाळणाघरात पाणी नाही? आणि ते माझ्यामुळे?"

"नोंद तशी आहे."

सासूबाई मोरीच्या उंबऱ्यावर बसल्याच. "अगं, मला कोणी बोललंच नाही. देवाशप्पथ सांगते. सगळ्यांना हो म्हणून टाक. आत्ताच्या आत्ता. आणि त्यांना एवढं सांग, की मला खरंच माहीत नव्हतं."

"सांगते."

"पाहिजे तर मला अजून एकदा विचारून घे, बाई. चुकायला नको."

"नको. दोनदा विचारलं तर आपण फुगून बसता."

"हे कोण म्हणालं?"

"कंपनीची माहितीपुस्तिका."

कंपनीच्या पुस्तिका कोण लिहितं हे सासूबाईंना चांगलं माहीत होतं. त्या "बरं" एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

साहेबांच्या खिडकीखाली अंगण होतं. तिथल्या बाकावर कंपनीचे कारागीर मंजुरीची वाट बघत वर्तमानपत्रं वाचत बसायचे. अचानक त्या सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले आणि थांबेनात. कारागिरांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीतरी वर्तमानपत्राची घडी घातली. पाठोपाठ सगळेच उठले, आणि जी गाडी मिळेल तिच्यात पाने, नळ्या, पिशव्या टाकून निघाले. गोदामाच्या दारात रांग लागली. गोदामवाला आतून ओरडत होता, "अरे, सगळं नेऊ नका, मला मोजू द्या!" बघता बघता मुख्य गोदाम रिकामं झालं, मग गाड्या शाखेकडे वळल्या आणि तेही रिकामं झालं. कंपनी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच दोघी जावांचे आकडे जुळले. दोघींकडे शून्य.

"हे कोणी मंजूर केलं?" साहेब खिडकीतून न वळताच म्हणाले.

शॉर्टकटने लॅपटॉप उघडला. "सासूने, साहेब."

"मी? मी तर इथे उभा आहे."

"फोनवरून दिलेली दिसतेय. हा नंबर."

तळटीपने नंबर पाहिला. तो तिच्याच घरचा होता. तिने तिथूनच घरी फोन लावला.

"आई, तुम्ही ऑफिसात फोन केला होतात?"

"केला होता. मुलगी फार गुणाची आहे गं तुमच्याकडची. पण तू मला आधी का नाही सांगितलंस? लोक पाण्यावाचून बसलेत आणि खापर माझ्या नावावर."

"आई, ती सासू म्हणजे तुम्ही नाही. ते एक टेबल आहे."

"हो का? आणि फुगून कोण बसतं? टेबल?"

तळटीप आयुष्यात पहिल्यांदाच स्रोत सांगायला कचरली. "ते पंपाबद्दल आहे, आई."

"पंप फुगतात?"

"कधीकधी."

"घरी ये, मग बोलू," सासूबाई म्हणाल्या.

तळटीप आपल्या जागेवर जाऊन राजीनामा लिहायला बसली. पहिल्याच परिच्छेदाला बऱ्याच तळटिपा झाल्या. शॉर्टकट तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "ताई, चूक माझी आहे," तो म्हणाला, आणि या वेळी त्याने नंतर बघू असं म्हटलं नाही. त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली.

दुपार उतरली तसे फोन सुरू झाले. पहिला वसतिगृहाच्या बाईंचा होता. साहेबांनी मन घट्ट करून तो घेतला.

"वायसर बसला," बाई म्हणाल्या. "पाणी आलं. आणि तुमच्या सासूबाईंचा निरोपही मिळाला."

"कसला निरोप?"

"त्यांना खरंच माहीत नव्हतं म्हणून. अहो, एवढ्या मोठ्या माणसाने एका वायसरसाठी असं कळवावं? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नव्या इमारतीचे पंपसुद्धा आता तुमच्याकडूनच घेणार. त्यांना माझा नमस्कार सांगा."

मग दवाखान्याचा फोन आला, मग पाळणाघराचा. सगळ्यांकडे एकच निरोप गेला होता आणि सगळे सासूबाईंची चौकशी करत होते. सलूनवाल्याने तर आपल्याकडेही त्यांना दोन दिवस पाठवता येईल का, म्हणून विचारलं. साहेबांनी प्रत्येकाचे आभार मानले. शेवटचा फोन ठेवून ते खुर्चीत मागे रेलले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की आज सकाळपासून त्यांना एकाही गोष्टीवर विचार करावा लागला नव्हता. आपल्याला इतकं हलकं का वाटतंय हे त्यांना आत्ता कळलं.

घरी गेले तर तिथेही निवळलं होतं. बहिणीची बॅग केव्हा भरली जाईल या एका मुद्द्यावर खालच्या आणि वरच्या मजल्याचं एकमत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब तळटीपच्या घरी गेले. सासूबाईंनी त्यांना भरलेली बादली दाखवली, बसायला खुर्ची दिली. तळटीप दाराशी उभी राहिली. आदल्या संध्याकाळी सासूबाई फुगण्याबद्दल एक शब्दही बोलल्या नव्हत्या, आणि तेच तिला खुपत होतं.

"तुम्ही सगळ्यांना हो म्हणालात," साहेब म्हणाले. "जरा विचार करावा असं नाही वाटलं?"

"कशाचा? पाणी येत नाही असं कोणी गंमत म्हणून सांगतं का?"

साहेबांनी या प्रश्नाकडे इतक्या वर्षांत त्या बाजूने पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "आई, मंजुरीचं काम तुम्ही घ्याल का? घरबसल्या, फोनवर. सगळंच."

"मला मेलीला तुमच्या टेबलाखुर्च्यांतलं काय कळतंय?"

"नाती कळतात ना? मग सगळं कळेल."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "दुपारी मी पडते. तेव्हा कोणी विचारायचं नाही. आणि मी कशी आहे ते पुस्तकात पुन्हा लिहायचं असलं, तर आधी मला वाचून दाखवायचं."

तळटीपने मुकाट्याने मान हलवली.

पुढचे काही महिने कंपनीत काहीही अडलं नाही. पंपाचं काम असलं की सासूबाई फोन ठेवायच्या आत हो म्हणायच्या. बाकीच्या गोष्टींना मात्र त्या वेळ लावत. एक दिवस दुपारी साहेब तळटीपच्या जागेशी येऊन घुटमळत उभे राहिले.

"बाई, घरी जरा शब्द टाकाल का? माझ्या केबिनला नवी खुर्ची मागितली होती. तुमच्या सासूबाई म्हणतात, आहे ती धड आहे."

"टाकला असता, साहेब. पण माझाच रजेचा अर्ज सोमवारपासून त्यांच्याकडे पडून आहे."

"रजा? कुठे निघालात?"

"डोंगरावर, चार दिवस. त्यांनाच घेऊन जायचंय. तिकिटंसुद्धा त्यांनीच काढलीत, बॅगही भरून ठेवलीय."

"मग अर्ज का अडवलाय?"

"मी घरी विचारलं. म्हणाल्या, घरचं माणूस म्हणून लगेच हो म्हटलं, तर ऑफिसातले काय म्हणतील?"

साहेबांनी थोडा विचार केला. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले आणि दोघांसाठी चहा सांगून शेजारच्या खुर्चीत बसले.